अकरा नंबरचं दार

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज मला बढती मिळाली म्हणे. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त नावापुढे "सुगम्यता समन्वयक" असं शेपूट लागलं. कायद्याने प्रत्येक सरकारी कचेरीत असा एक माणूस हवा, आणि आमच्या नगरपालिकेत तो कधीच नव्हता. वरून पत्र आलं तेव्हा नगराध्यक्षांची धावपळ सुरू झाली. गृहविभागातली, म्हणजे नगरपालिकेची घरं-गाळे भाड्याने देणाऱ्या खात्यातली लुत्सिना कानात म्हणाली, "इरमिना, सगळ्यात कमी आरडाओरडा कोण करेल ते बघून तुला नेमलंय." मी म्हटलं, मग त्यांनी मला नीट ओळखलेलं नाही.

तीस वर्षं मी इथलं अभिलेखागार सांभाळतेय. फाईलवर माझ्याइतकं सुबक लेबल कुणी लावत नाही, हे मी नाही, सगळे म्हणतात. आता फायलींऐवजी भिंती. पहिलं काम: प्रत्येक खोलीला आंधळ्या माणसाला बोटांनी वाचता येईल अशी पाटी लावायची, एप्रिलच्या आत. आणि मला ब्रेलमधलं ओ की ठो कळत नाही.

१६ फेब्रुवारी

उस्ताद क्लेमेन्सकडे गेले. गावात सगळे त्याला उस्तादच म्हणतात. चौकात, नगरपालिकेच्या मालकीच्या एका गाळ्यात त्याचं पियानो दुरुस्तीचं दुकान आहे, एकतीस वर्षं. नवव्या वर्षी डोळे गेले, पण घरून दुकानात एकटा येतो, एकटा जातो. दोनशे बारा पावलं, म्हणतो.

"उस्ताद, मदत हवीय."

"काय इरमिनाबाई, पियानो घेतलात की काय?"

"पियानो कसला! पाट्या घेतल्यात."

ठेकेदाराने पाठवलेला नमुना त्याच्या हातात दिला. त्याने बोटं फिरवली, पाटी उलटी केली, परत सुलटी केली, आणि खो-खो हसत सुटला. "अहो, हे ठिपक्यांचं चित्र आहे! गुळगुळीत. उपाशी माणसाला चीजकेकचा फोटो दाखवावा तसं झालं हे."

मी तिथून लगेच ठेकेदाराला फोन लावला आणि असा झाडला की उस्ताद काम थांबवून ऐकत बसला. शेवटी म्हणाला, "तुमचा आवाज तार तुटेपर्यंत ताणता येतो."

निघताना त्याच्या बहिणीचा फोन आला. ती लांब झेशुफ शहरात असते. हा सासष्टचा झाला, आता एकट्याने राहू नये, आपल्याकडे यावं असा तिचा धोशा आहे. फोन ठेवून तो म्हणाला, "तिथे मला एक रस्ता ठाऊक नाही. तिच्या घरात मी सोफ्यावर ठेवलेली उशी होईन. हे दुकान आहे तोवर मी माणूस आहे."

२६ मार्च

पाट्या आल्या. यावेळी ठिपके उठावाचे, अक्षरंही उठावाची, गडद निळ्यावर पांढरी. उस्तादने सांगितलेलं सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. पाटी दारावर नाही लावायची, दाराशेजारी भिंतीवर, कडीच्या बाजूला. ("मी वाचत उभा असताना आतून कुणी दार उघडलं की माझं नाक गेलंच.") सगळ्या एकाच उंचीवर, म्हणजे हात आपोआप जाईल. आणि नंबराची पाटी वेगळी, खात्याची वेगळी. "नंबर जागचे हलत नाहीत," तो म्हणाला, "तुमची खाती मात्र खुर्च्या घेऊन सतत पळत असतात."

सुताराने पहिल्या तीन पाट्या बिजागरीच्या बाजूला ठोकल्या होत्या. काढायला लावल्या. तो पुटपुटला, "आंधळे येतात किती हो वर्षाला?" मी म्हटलं, येत नाहीत कारण तुझ्यासारख्यांनी पाट्या ठोकल्यात.

१८ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस जपून लिहायचा आहे.

उस्ताद तपासणीला आला. मी म्हटलं, मी एक शब्द बोलणार नाही, तुम्ही गृहविभाग शोधा. मी बूट काढून त्याच्या मागून मोज्यांवर चालत होते. आमचा दरवान व्हालेंती तोंड दाबून हसत होता. उस्ताद काठी टेकत जिना चढला, कठड्याच्या टोकाला "पहिला मजला" वाचलं, डावीकडे वळला, नऊ, दहा, अकरा. अकराशी थांबला. खालच्या पाटीवर बोटं फिरवली आणि मोठ्याने वाचलं, "गृहविभाग."

मग हात काढेचना. मला वाटलं काही चुकलंय. घाबरून विचारलं, "ठिपका दबलाय का?"

"नाही हो," तो म्हणाला. "या इमारतीत मी एकटा कधी आलोच नव्हतो. बहीण, भाचा, शेजारी, कुणीतरी कोपर धरून आणायचं आणि तेच माझ्या वतीने बोलायचं. कारकूनही त्यांच्याशीच बोलायचे. म्हणजे आता मी कुणाला न सांगता येऊ शकतो?"

"या. मी शब्द देते. कुणाला सोबत आणायची गरज नाही."

खाली आल्यावर म्हणाला, की आमच्या अंध संघाचं मासिक निघतं, त्यात लिहितो, आमच्या गावच्या नगरपालिकेत एकटे जा म्हणून. मी लाजले की काय कोण जाणे. घरी येऊन रडले. माझा नवरा स्तेफान जाऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर कुणी मला असं काही म्हणालं नव्हतं.

९ मे

निवडणुकीत जुने गेले, नवे आले. नगराध्यक्ष मिहाऊ झेम्बा. वय बेचाळीस, दात पांढरेशुभ्र. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "इमारत ताजी दिसली पाहिजे." लुत्सिना पुटपुटली, इमारत ताजी, माणसं शिळी.

२० जून

रंगकाम संपलं. सगळ्या भिंती लोण्याच्या रंगाच्या, दारांना नवं पॉलिश. छान दिसतंय, नाही म्हणवत नाही. सोबत परिपत्रक आलं: भिंतीला किंवा दाराला चिकटपट्टी लावलेली आढळल्यास दुरुस्तीचा खर्च संबंधितांकडून वसूल केला जाईल. आमच्याकडे प्रत्येक दारावर पाच-पाच कागद असायचे, "एकेकाने आत यावे", "दार हळू लावा", "आज रोख खिडकी बंद". सगळे खरवडले. आता लोक काय वाचणार, असं व्हालेंतीला झालंय.

२८ ऑगस्ट, बुधवार

गृहविभाग खाली आणण्याची माझी मागणी मान्य झाली! तीन महिने मागे लागले होते. घरांच्या कामाला येणारे सगळे म्हातारे, काठीवाले, चाकाच्या खुर्चीवाले, आणि खातं पहिल्या मजल्यावर! शेवटी मी माझीच खोली देऊ केली. लुत्सिना खाली चार नंबरात, मी वर, आणि अकरामध्ये जुन्या फायली कुलूपबंद. दिवसभर खोकी ओढून कंबरडं मोडलं.

पाट्यांची अदलाबदल राहिली. रंगारी म्हणाला, स्क्रू आत्ता काढाल तर रंगाचे टवके उडतील, हिवाळा जाऊ द्या. मग मी कागद तयार केला, मोठ्या अक्षरात: "गृहविभाग: तळमजला, खोली क्र. ४. तसदीबद्दल क्षमस्व." प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. आता लावायचा कुठे? भिंतीला बंदी, दाराला बंदी. मग सुचलं, पाटी आहे की! गुळगुळीत, टणक, चिकटपट्टी झकास बसते आणि रंगाला ओरखडा नाही. अकराखालच्या खात्याच्या पाटीवर नीट चारही कोपरे दाबून लावला, तसाच एक तळमजल्यावर चारखालच्या पाटीवर. नगराध्यक्ष जाता जाता म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोकं."

उस्तादलाही कळवायला हवं. दोनदा फोन केला, उचलला नाही. सप्टेंबर तोंडावर आहे, शाळांचे पियानो लावत फिरत असणार. भेटला की सांगेन.

११ सप्टेंबर

नवं फर्मान. चौकातल्या नगरपालिकेच्या सगळ्या गाळ्यांचे जुने करार वर्षअखेर संपणार. ज्याला पुढे हवा असेल त्याने ३० सप्टेंबरपर्यंत गृहविभागात स्वतः येऊन अर्ज द्यायचा. जुन्या भाडेकरूने वेळेत अर्ज दिला तर त्यालाच प्राधान्य, नाहीतर गाळा दुसऱ्याला.

लुत्सिनाला म्हटलं, उस्तादचा अर्ज तुलाच लिहून घ्यावा लागेल, तो तोंडी सांगेल, तू लिहायचं, तसा नियमच आहे. ती म्हणाली, "येऊ दे की, मी काय त्याला खाणार आहे? कॉफीही देईन." त्याला पत्र गेलंय, भाचा वाचून दाखवेल. अर्ज मात्र तो भाच्याकडून लिहून घेणारा नाही. आता तर मुळीच नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

पोट तट्ट फुगलंय. काल संत मिहाऊचा दिवस, म्हणजे नगराध्यक्षांचा नामदिन, पण काल रविवार, तेव्हा आज साजरा. अकरा वाजल्यापासून सगळी कचेरी वरच्या सभागृहात. व्हालेंतीसुद्धा दार सोडून आला. मी खसखशीचा केक केला होता, लुत्सिनाने चीजकेक, माझा आधी संपला. (तिचा खाली बसला होता, पण मी बोलले नाही.)

गंमत झाली. मी स्वयंपाकघरातून दोन ताटं घेऊन जात होते, सभागृहात "शंभर वर्षं जगो" हे शुभेच्छांचं गाणं चाललेलं, छप्पर उडेल एवढ्या आवाजात. मधल्या वळणापलीकडून, अकराच्या बाजूने, कुणीतरी म्हातारा विचारतोय, "कुणी आहे का? गृहविभाग कुठे गेला?" म्हणजे कमालच! नाकासमोर कागद लावलाय! माझे हात भरलेले. मी तशीच ओरडले, "कागदावर लिहिलंय ना, वाचा की जरा!" आणि आत गेले. एवढ्या पाट्या लावल्या, एवढे कागद लावले, तरी लोकांना विचारायचंच असतं. देवाने डोळे कशाला दिलेत मग? हे सभागृहात सांगितलं तर सगळे हसले, नगराध्यक्षही.

४ ऑक्टोबर

लुत्सिनाने यादी दाखवली. अठरा गाळे, सतरा अर्ज. उस्तादचा नाही.

मला पटेना. तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "तीस तारखेला साडेतीनपर्यंत बसले होते मी. मधला तासभर केकचा सोडला तर." म्हणजे आलाच नाही. काय म्हणावं या माणसाला? ताठा, दुसरं काय. एकतीस वर्षं आहे, मला कोण काढतंय, असं वाटलं असेल. त्याच्यासाठी मी माझी खोली दिली, आणि याला जिन्याची चार पावलंसुद्धा चढायची नव्हती, पहिलंच दार होतं, तरी यायला जमलं नाही!

१२ ऑक्टोबर, शनिवार

बाजारात आंबवलेल्या काकड्यांच्या पिंपापाशी उस्ताद भेटला. मी सरळच विचारलं, "अर्ज का नाही दिलात?"

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "जमलं नाही."

"जमलं नाही म्हणजे? दुकान जाईल तुमचं!"

"जाईल," म्हणाला. मग अगदी सभ्यपणे, "तुमच्या पाट्या फार छान आहेत, इरमिनाबाई. सगळ्यांना सांगतो मी." आणि काठी टेकत निघाला. मला ते बोलणं लागलं. मी इतकं केलं आणि हा असा. माझ्या काकड्याही घ्यायच्या राहिल्या.

२१ ऑक्टोबर

समितीने ठरवलं, उस्तादचा गाळा नखं रंगवायच्या दुकानाला. करार व्हायचा आहे. मी बैठकीत तोंड उघडणार होते, पण काय सांगणार? त्यानेच अर्ज केला नाही.

२ नोव्हेंबर

काल सर्वसंतांचा दिवस. स्तेफानच्या थडग्यावर शेवंती ठेवली, दिवे लावले. गर्दीत लांबून उस्ताद दिसला. बहीण आली होती, तिने कोपर घट्ट धरलं होतं, आणि लोक तिच्याशी बोलत होते. मी हात केला. माझंही डोकं फिरलंय, हात करून काय उपयोग!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कसं लिहू कळत नाही. पण लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःशीच वेगळं काहीतरी सांगेन.

सकाळी व्हालेंतीबरोबर दाराशी चहा पीत होते. गोष्ट निघाली उस्तादच्या दुकानाची. व्हालेंती म्हणाला, "बिचारा. एवढा आला होता त्या दिवशी, काम होऊनही काढलाच त्याला."

"कुठल्या दिवशी?"

"साहेबांच्या नामदिनाला हो. मी केक खाऊन खाली येत होतो, हा जिना उतरत होता. भिंतीला हात लावत, तोंड पांढरंफटक. मी विचारलं, झालं का काम? म्हणाला, झालं."

मी चहा तिथेच ठेवला. वर गेले. अकरासमोर उभी राहिले. डोळे मिटले आणि हात भिंतीवर सरकवला, कडीच्या बाजूने, त्या उंचीवर. वरती अकरा. खाली प्लास्टिक. गुळगुळीत, गार, कोपरे माझेच दाबलेले. एक ठिपका लागला नाही.

आणि तो आवाज. "कुणी आहे का? गृहविभाग कुठे गेला?" तो कुणी परका म्हातारा नव्हता. गाण्याच्या गोंगाटात मला ओळखू आला नाही एवढंच. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंय. पान उलटून वाचलं. वाचा की जरा. देवाने डोळे कशाला दिलेत.

दुपारी घरून स्क्रूड्रायव्हर आणला. अकराखालची पाटी काढून चारखाली लावली. चार स्क्रू. दहा मिनिटं. एवढासा टवका उडाला, नखाएवढा.

२० नोव्हेंबर

लुत्सिनाला आडून विचारलं. गाळ्याच्या करारावर अजून सह्या नाहीत, एकोणतीस तारखेला होणार. म्हणजे वेळ आहे. मी एक निवेदन द्यायचं: अर्जदार मुदतीत आला होता, आमच्या चुकीने त्याला दार सापडलं नाही. मग समितीला परत बसावं लागेल. उद्या देते.

२१ नोव्हेंबर

नाही दिलं. नगराध्यक्ष खुशीत होते. "अडथळामुक्त कचेरी"च्या जिल्हा पारितोषिकासाठी आमचं नाव गेलंय. तीन डिसेंबरला समारंभ. "इरमिनाबाई, हे तुमचं श्रेय," सगळ्यांसमोर म्हणाले. टाळ्या. मी हसले.

२५ नोव्हेंबर

निवेदन तीनदा लिहिलं. पहिल्यात "कर्मचाऱ्यांकडून अनवधानाने" असं लिहिलं, फाडलं. दुसऱ्यात रंगाऱ्यावर ढकललं, तेही फाडलं. तिसऱ्यात "मी" लिहिलं आणि ते पर्समध्ये ठेवलं. पर्स घेऊन दिवसभर हिंडले. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नाही. पण खरं सांगू? नोकरीची भीती कमीच. तो केकचा किस्सा सगळ्यांना कळेल, सगळ्यांना आठवेल की आपणही हसलो होतो, आणि ते माझ्याकडे बघतील, ही भीती जास्त. थू माझ्या जिनगानीवर.

२९ नोव्हेंबर

सह्या झाल्या. मी वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत होते.

३ डिसेंबर

पारितोषिक मिळालं. काचेचं आहे. जिल्ह्याच्या बाईंनी भाषणात आमच्या पाट्यांचं कौतुक केलं, उंची अचूक, रंग अचूक, ठिपके अचूक. मला व्यासपीठावर बोलावलं. पर्समध्ये निवेदन होतं.

४ डिसेंबर, बुधवार

आज दिलं. नगराध्यक्षांनी वाचलं, दोनदा वाचलं, मग दार लावून घेतलं.

"बाई, हे कधी कळलं तुम्हाला?"

"एकोणीस नोव्हेंबरला."

"आणि आज चार डिसेंबर." ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "एकोणतीसच्या आधी आणलं असतं तर मी समिती बसवली असती. शपथेवर सांगतो. आता करार झालाय, त्या मुलींनी सामान मागवलंय. कायद्याने माझे हात बांधलेत. काल तुम्ही तिथे उभ्या होतात, तेव्हासुद्धा..."

मी म्हटलं, माझी चौकशी लावा. म्हणाले, लावीन, त्याने त्याला दुकान मिळेल का? बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, ते माझ्यावरूनच.

लुत्सिनाला मी स्वतः सांगितलं, केकच्या गोष्टीसकट. ती हसली नाही. "हसणारी मी पण होते ग," एवढंच म्हणाली.

७ डिसेंबर, शनिवार

आज गेले. चार वेळा चौकापर्यंत जाऊन परत आले, पाचव्यांदा आत गेले.

दुकान अर्धं रिकामं. दोन पियानो शाळेने नेलेत, एक उघडा पडलाय, तारा काढलेला. हत्यारं गोधडीत गुंडाळून बांधलेली. उस्ताद खोक्यावर बसून लोकरीचे तुकडे वेगळे करत होता. बहीण झेशुफहून उद्या गाडी घेऊन येणार.

मी दाराशीच सगळं सांगितलं, बसलेही नाही. कागद, पाटी, ताटं. एकोणीस तारीख, एकोणतीस तारीख, चार तारीख. काही गाळलं नाही. तो तुकडे वेगळे करत ऐकत होता. मी संपवल्यावर म्हणाला, "आवाज तुमचा होता ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा आवाज मी शंभरात ओळखेन."

"मग हाक का नाही मारलीत? माझं नाव घेऊन का नाही ओरडलात?"

"काय ओरडू? तुम्हीच शब्द दिला होता की एकटा या. एकटा आलो. आणि तुम्हीच म्हणालात, वाचा. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मी तो कागद तीनदा चाचपला. कडेनेपण चाचपला." पुढे म्हणाला, "मग लाज वाटली. या वयात, जिन्यात, अशी लाज. परत कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. आणि नंतर राग आला. राग अजून आहे, इरमिनाबाई, तुम्हाला खोटं सांगत नाही."

"मला माफ करा," मी म्हटलं. रडत होते, ते त्याला ऐकू येतच असणार.

"ते नंतर बघू." त्याने लोकरीचा तुकडा खाली ठेवला. "काय लिहिलं होतं त्या कागदावर? मला अजून कुणी सांगितलं नाही."

मी सांगितलं. "गृहविभाग: तळमजला, खोली क्रमांक चार. तसदीबद्दल क्षमस्व."

"चार म्हणजे आत शिरल्यावर उजवीकडचं पहिलं."

"हो."

"म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा, त्याच्या शेजारून गेलो."

"हो," मी म्हटलं.

त्याने हातावरची लोकर झटकली. मग म्हणाला, "लिहायला काही आहे तुमच्याकडे? एक काम करा माझं. संघाच्या मासिकाला पत्र पाठवायचंय. भाच्याकडून लिहून घेणार होतो, पण तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

मी खोक्यावर बसले, कागद गुडघ्यावर घेतला. त्याने सांगितलं, मी लिहिलं, शब्दाला शब्द:

"मे महिन्याच्या अंकात मी लिहिलं होतं की आमच्या नगरपालिकेत आंधळ्या माणसाने खुशाल एकटं जावं. ते मी मागे घेतो. पाट्या उत्तम आहेत, योग्य उंचीवर आहेत, पण त्यांच्यावर कागद चिकटवले जातात आणि विचारलं तर वाचा म्हणतात. जाताना कुणालातरी सोबत न्या."

"आता पाट्या नीट लावल्यात," मी हळूच म्हटलं. "मी स्वतः लावल्यात. तेही लिहू का?"

त्याने विचार केला. खरोखर विचार केला, ते मला दिसलं.

"नको," म्हणाला. "पुढच्या रंगकामानंतर बघू."

मग म्हणाला, वाचून दाखवा. मी वाचलं. आवाज फुटला तिथे त्याने थांबवलं आणि परत वाचायला लावलं, तोंडात पुटपुटू नका म्हणाला, स्पष्ट वाचा. तिसऱ्यांदा नीट वाचलं. त्याने सहीची फट असलेली पट्टी खिशातून काढली, मी ती जागेवर धरली, आणि त्याने त्या फटीत नाव लिहिलं. मला म्हणाला, पत्र कुणी लिहून घेतलं त्याचं नाव खाली घालायची आमच्या मासिकात पद्धत आहे.

खाली मी माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. पाकीट टपालपेटीत टाकून घरी आले.